ज्यू धर्म स्वीकारताना नाव बदलावंच लागतं का? आणि वडिलांच्या नावाचं काय?

मोगरा:

मंडळी, घरात सध्या एकाच विषयावर वाद चालू आहे आणि नीट माहिती कुणालाच नाही, म्हणून धागा काढतेय.

माझी मावसबहीण बोस्टनला असते. ती ज्यू धर्म स्वीकारतेय. होणारा नवरा ज्यू आहे हे खरं, पण त्याने आग्रह धरलेला नाही, वाचता वाचता तिलाच ओढ लागली. कॉन्झर्व्हेटिव्ह या मध्यममार्गी ज्यू पंथाच्या एका सिनेगॉगमध्ये (प्रार्थनास्थळात) रब्बींकडे, म्हणजे धर्मगुरूंकडे, तिचा अभ्यास चालू आहे. बातमी कळल्यावर आजीचा पहिला प्रश्न, "मग नाव काय ठेवणार आता तिचं?" आजीचं स्वतःचं नाव लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने लिहून बदललेलं. तिला यात जगावेगळं काही वाटलंच नाही.

वाटलं ते काकांना, म्हणजे मावशीच्या यजमानांना. बहिणीने समजावलं की पासपोर्टवरचं नाव तेच राहणार, धर्मकार्यापुरतं एक हिब्रू नाव घ्यायचं, आणि ते असं असतं: अमुक बात अव्राहाम वे-सारा. म्हणजे अमुक, अव्राहाम आणि सारा यांची मुलगी. काका थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "अमुकच्या जागी हवं ते लिही. पण त्याच्यापुढे माझं नाव असतं ना?"

यावर तिला उत्तर देता आलं नाही, मलाही नाही. हे सक्तीचं आहे का? नाव कोण ठरवतं? आणि काकांचं नाव खरंच जातं का?

---

टवाळ_पोरगा:

नाव ठेवायला नातेवाईक समर्थ आहेत, त्यासाठी धर्म कशाला बदलायला हवा? बाकी रब्बींकडे शिकते म्हणजे खरीप सोडला वाटतं. हघ्याहेवेसांनल (हलके घ्या, हे वेगळे सांगणे न लगे).

---

मोगरा:

आलास का. बस कोपऱ्यात.

---

बोरूबहाद्दर:

चांगला धागा. माझ्या आवडीचा विषय, त्यामुळे लांबण लागणार.

नाव बदलण्याची कथा ज्यू परंपरेत थेट पहिल्या ज्यू माणसापासून सुरू होते. उत्पत्तीच्या सतराव्या अध्यायात देव अब्रामला म्हणतो, आजपासून तू अब्राहाम (हिब्रूत अव्राहाम), कारण मी तुला पुष्कळ राष्ट्रांचा पिता केलं आहे. त्याच अध्यायात सारायची सारा होते. पुढे याकोबाचा इस्राएल होतो. त्यामुळे नवा करार, नवं नाव ही सांगड जुनी. पण गंमत अशी की धर्मात येणाऱ्या प्रत्येकाने नाव बदलावं असा नियम बायबलमध्ये कुठेही नाही. धर्मांतरितांचा आदर्श म्हणून जिचं नाव घेतलं जातं ती मवाबी रूथ शेवटपर्यंत रूथच राहिली. आज धर्मांतर करणाऱ्या कितीतरी बायका तिच्यावरून रूथ हे नाव घेतात, आणि ते मुळात एका परकीय बाईचं नाव आहे!

पुराव्यांकडे या. पहिल्या शतकात आदियाबेनची राणी हेलेना (आजच्या उत्तर इराकमधलं राज्य) ज्यू झाली, तिचे मुलगे इझातेस आणि मोनोबाझही झाले. तिघांची जुनीच नावं इतिहासात आली. जेरुसलेममध्ये त्या काळच्या अस्थिपेट्या सापडल्यात, त्यातल्या एकीवर 'दिओगेनेस, धर्मांतरित' असं आहे. दिओगेनेस म्हणजे झेउस या ग्रीक देवापासून जन्मलेला. ज्यू होऊनही गडी झेउसचं नाव घेऊन जेरुसलेममध्ये पुरला गेला आणि कुणाला अडचण नव्हती.

याच्या उलट रोममधली वेतुरिया पाउल्ला. तिच्या थडग्यावरचा लॅटिन लेख सांगतो की ती ८६ वर्षं ६ महिने जगली, १६ वर्षं ज्यू होती, नाव सारा, आणि दोन सिनेगॉगांची 'माता' असा तिला मान होता. हिशेब करा, सत्तरीत धर्म बदलला आणि नावही! मोगरा, आजींना जरूर सांगा.

तुर्कस्तानात आफ्रोदिसियास इथे १९७६ साली एक मोठा शिलालेख सापडला. त्यात ज्यू, धर्मांतरित आणि 'ईश्वरभीरू' (सिनेगॉगच्या आसपास राहणारे, पण धर्म न बदललेले) अशा लोकांच्या याद्या आहेत. धर्मांतरित तीन: सामुएल, योसेस, योसेफ. तिघांचीही नावं बायबलमधली. ईश्वरभीरूंची मात्र बहुतेक नेहमीची ग्रीक नावं. म्हणजे उंबरठा ओलांडला की नाव बदलायचं, ही रीत तोवर चांगली रुळलेली दिसते.

आणि आता काकांसाठी. त्या तिसऱ्या योसेफच्या पुढे बापाचं नाव कोरलेलं आहे, एउसेबियोस. अव्राहाम नाही, जन्मदाता बाप.

---

मोगरा:

वा! हे काकांना आत्ताच पाठवते.

---

दोन_घरचा_पाहुणा:

इथे सहसा फक्त वाचतो, पण आज लिहिलं पाहिजे. मी साताऱ्याचा, बरीच वर्षं शिकागोत आहे आणि ज्यू धर्म स्वीकारलेला आहे. आयडी त्यावरूनच घेतलाय.

आधी प्रक्रिया. अभ्यास साधारण वर्षभर, कधी जास्त. मग बेत दिन, म्हणजे तीन जणांचं धर्मपीठ. ते बोलतात, का यायचंय ते विचारतात. पुरुष असेल तर सुंता, आधी झालेली असेल तर रक्ताचा एक थेंब काढतात. मग मिक्वेमध्ये, म्हणजे विधीच्या कुंडात, पूर्ण बुडी. बाहेर आल्यावर प्रार्थना म्हणतात आणि त्यात नाव जाहीर होतं: इस्राएलात याचं नाव अमुक, आपला पिता अव्राहाम याचा पुत्र. झालं.

पहिलं नाव आपण निवडायचं. रब्बी सुचवतात, लादत नाहीत. मुळात हिब्रू असलेलं नाव असेल तर पुष्कळ जण तेच ठेवतात. हे नाव वापरतात कुठे? तोरा, म्हणजे मोशेचे पाच ग्रंथ, त्याच्या वाचनाला बोलावताना, विवाहकरारात म्हणजे केतुबात, आजारी माणसासाठी प्रार्थना करताना, घटस्फोटाच्या पत्रात आणि थडग्यावर. बँक, ऑफिस, लायसन्स, सगळीकडे माझं साताऱ्याचंच नाव आहे, मध्ये वडिलांच्या नावासकट. रोजच्या आयुष्यात बदलायची सक्ती कुणी करत नाही.

आता वडिलांच्या नावाचं. तालमूद या ज्यू धर्मग्रंथात तत्त्व आहे की धर्मात आलेला माणूस नुकत्याच जन्मलेल्या बाळासारखा. धर्माच्या हिशेबात मागची नाती तिथे थांबतात. मग हिब्रू नावात बाप कोण लावायचा? तर पहिला ज्यू, अव्राहाम. तुमच्या काकांना जे टोचलं तेच माझ्या वडिलांनाही टोचलं होतं. 'नाव, वडिलांचं नाव, आडनाव' हे आपण शाळेच्या पहिल्या दिवसापासून पाटीवर लिहीत आलो. कॉलेजला असताना सगळे मित्र मला बापाच्याच नावाने हाक मारायचे! ज्या समाजात बापाचं नाव हेच पोराचं टोपणनाव असतं, तिथे ती जागा रिकामी करणं म्हणजे काय ते अमेरिकन माणसाला कळत नाही. माझे रब्बी म्हणाले, मधलं नाव एवढं काय. माझं मधलं नाव ही माझी निम्मी ओळख.

---

सडेतोड:

स्पष्ट बोलतो, राग मानू नये. ज्या बापाने वाढवलं, शिकवलं, अमेरिकेला पाठवलं त्याचं नाव काढून चार हजार वर्षांपूर्वीच्या कुणाचं तरी लावायचं, याला संस्कृती म्हणायचं का? हे बापाला नाकारणं झालं.

---

दोन_घरचा_पाहुणा:

नाकारणं नाही. पण टोचतं हे मान्य, वर लिहिलंच आहे. आईवडिलांचा मान ठेवण्याचं कर्तव्य धर्म बदलल्याने संपत नाही, हे मायमोनिदीस या थोर ज्यू धर्मशास्त्र्याने स्पष्ट लिहून ठेवलंय. नावात बाप बदलतो, सेवेत नाही.

मी काय केलं ते सांगतो. माझ्या वडिलांचं नाव प्रकाश. मी मेइर हे नाव घेतलं, म्हणजे प्रकाश देणारा. मेइर बेन अव्राहाम, बेन म्हणजे मुलगा. बापाची जागा अव्राहामला दिली, बाप माझ्या जागी आणून बसवला. वडिलांना फोनवर सांगितलं तर म्हणाले, "म्हणजे आता मी तुझा मुलगा झालो का?" आणि खूप हसले. त्यानंतर त्यांनी तो विषय काढला नाही.

---

निशिगंधा:

पाहुणे, डोळ्यांत पाणी आणलंत.

पण जिवंत वडिलांचं नाव ज्यू लोक ठेवत नाहीत ना? ऑफिसातली मैत्रीण असं काहीतरी सांगत होती.

---

दोन_घरचा_पाहुणा:

अश्कनाझी, म्हणजे मध्य आणि पूर्व युरोपातले ज्यू, बाळाला जिवंत नातेवाइकाचं नाव देत नाहीत. सेफार्दी, म्हणजे मूळचे स्पेन-पोर्तुगालकडचे, खुशाल देतात, आजोबांच्या मांडीवर बसवून देतात. माझं नाव तेच नाही, फक्त अर्थ जुळतो, त्यामुळे कुणी हरकत घेतली नाही.

---

रेवदंड्याचा_वारा:

शालोम आणि नमस्कार. मी बेने इस्रायली, म्हणजे कोकणातला ज्यू. बालपण ठाण्यात, गाव रेवदंड्याजवळ, आता इस्रायलमधल्या अश्दोदमध्ये.

आधी एक गोष्ट साफ करतो, कारण असल्या धाग्यावर कुणीतरी विचारतंच. आम्ही धर्मांतरित नाही. आमच्या परंपरेप्रमाणे नौगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटलं आणि वाचलेल्यांचे आम्ही वंशज. शनिवारी घाणा बंद ठेवायचो म्हणून कोकणात आम्हाला शनिवार तेली म्हणायचे. धर्म तोच राहिला, नावं मात्र मराठी झाली. मुंबईतलं पहिलं सिनेगॉग १७९६ साली सामाजी हसाजी दिवेकर यांनी बांधलं. सामाजी म्हणजे सामुएल, हसाजी म्हणजे यहेझकेल, दिवेकर म्हणजे दिवे गावचे. सिनेगॉगला आम्ही मशीद म्हणायचो. मस्जिद बंदर स्टेशनचं नाव त्यावरूनच पडलं असं आमचे लोक सांगतात. पेणकर, रोहेकर, किहीमचे केहीमकर, ही सगळी कर मंडळी आमची.

सडेतोड, तुम्ही म्हणता बापाचं नाव. सामाजी हसाजी म्हणजे सामुएल बेन यहेझकेलच की. बेन काढला, जी लावला, पण नावापुढे बाप तसाच राहिला. पोराच्या पुढे बापाचं नाव लावायची सवय दोन्हीकडे सारखी, म्हणून कोकणात आमचं फार अडलं नाही.

आता कडू गोष्ट. आमच्या लोकांना इस्रायलमध्ये आल्यावर विचारलं गेलं की तुम्ही पक्के ज्यू कशावरून. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला मुख्य धर्मपीठाने बेने इस्रायलींच्या लग्नाआधी मागच्या पिढ्या तपासायचे निर्देश काढले. आई कुठली, आजी कुठली, मध्ये कुणी बाहेरचं आलं होतं का. लोक रस्त्यावर उतरले, जेरुसलेमला धरणं धरलं, शेवटी १९६४ साली संसदेने ठणकावून सांगितलं की बेने इस्रायली सर्वार्थाने ज्यू आहेत. आमच्या घरात ही कथा अजून सांगतात. सांगताना माझी आजी मराठीतच चिडायची.

म्हणून 'बेन अव्राहाम' या दोन शब्दांकडे मी तुमच्यासारखा नुसता भावनेने बघत नाही. पाहुणेदादा, तुम्हाला तोराला बोलावतात तेव्हा सगळ्या सिनेगॉगला कळतं ना, की हा बाहेरून आलेला?

---

दोन_घरचा_पाहुणा:

कळतं. आणि हे मी वर लिहिलं नव्हतं कारण... असो, लिहितो.

'यामोद मेइर बेन अव्राहाम', म्हणजे अव्राहामचा मुलगा मेइर उभा राहो, अशी हाक येते. नवीन सिनेगॉगमध्ये गेलो की गाबाय, म्हणजे वाचनाची व्यवस्था बघणारा, हळूच विचारतो, वडिलांचं नाव? माझा सावळा चेहरा आणि वर अव्राहाम हे उत्तर. मग जी मान डोलते ती मला पाठ आहे. सुदैवाने अव्राहाम नावाचे खरेखुरे बापही खूप असतात, त्यामुळे गोरा माणूस असता तर कळलंही नसतं. काही ठिकाणी मुद्दाम 'अविनू', म्हणजे आपला पिता, हा शब्द हाक मारताना गाळतात, तेवढंच झाकलं जातं.

विचित्र म्हणजे धर्मांतरिताला त्याच्या पूर्वायुष्याची आठवण करून देऊन दुखवू नये, ही तालमूदची सक्त आज्ञा. धर्मांतरितांच्या मुलालासुद्धा 'तुझ्या पूर्वजांची कृत्यं आठव' असं म्हणू नये, असं मिश्नात, म्हणजे तालमूदच्या मूळ भागात, लिहिलंय. आणि त्याच धर्माने नावातच खूण ठेवली! याचं समाधान मला आजवर कुणी दिलेलं नाही. एक रब्बी म्हणाले, ती खूण नाही, ते बिरूद आहे. बिरूद असेल, पण निवडलं मी नाही.

---

रेवदंड्याचा_वारा:

खूण ठेवण्यामागे एक कोरडं व्यावहारिक कारणही आहे. कोहेन, म्हणजे पुरोहित वंशातल्या पुरुषाला, धर्मांतरित स्त्रीशी लग्न हलाखानुसार, म्हणजे ज्यू धर्मशास्त्रानुसार, निषिद्ध आहे. त्यामुळे दस्तऐवजात ते दिसावं लागतं. मोगराताई, तुमच्या बहिणीचा होणारा नवरा कोहेन नाही ना? आताच विचारून घ्या, आयत्या वेळी मांडवात कळायला नको.

---

मोगरा:

बापरे. विचारलं. तो नाही म्हणतो. पण हे आम्हाला कुणीच सांगितलं नव्हतं.

---

रेवदंड्याचा_वारा:

नुसत्या आडनावावर जाऊ नका हो. कोहेन आडनाव नसूनही कोहेन असणारे आहेत. त्याच्या आजोबांच्या थडग्यावर आशीर्वाद देणारे दोन पंजे कोरलेत का ते बघायला सांगा, तशी खूण असते.

---

बोरूबहाद्दर:

पाहुण्यांच्या प्रश्नावर पूर्ण समाधान नसेल, पण एक जुनं उत्तर आहे, आणि तेही एका धर्मांतरितालाच दिलेलं.

जुन्या काळी मंदिरात पहिलं पीक आणून देताना एक वाक्य म्हणायचं असे: 'आमच्या पूर्वजांना जी भूमी द्यायची शपथ देवाने घेतली...' मिश्ना म्हणते, धर्मांतरिताने पीक आणावं पण हे वाक्य म्हणू नये, कारण त्याचे पूर्वज ते नव्हेत. जेरुसलेमच्या तालमूदमध्ये रब्बी यहूदाचं मत उलट: म्हणावं, कारण अव्राहाम सगळ्या राष्ट्रांचा पिता. पुढे बाराव्या शतकात ओवद्या नावाच्या धर्मांतरिताने कैरोला मायमोनिदीसला पत्र लिहून विचारलं की प्रार्थनेत 'आमच्या पूर्वजांचा देव' असं मी म्हणू का? मायमोनिदीसने लिहिलं: सगळं तसंच म्हण, एक अक्षर बदलू नकोस. जो अव्राहामच्या मार्गाने आला तो अव्राहामचा मुलगा. आणि स्वतःच्या कुळाला कमी लेखू नकोस, आमचं कूळ अव्राहाम, इसहाक, याकोबापर्यंत जातं, तुझं थेट जग निर्माण करणाऱ्यापर्यंत.

ते 'अव्राहामचा मुलगा' मुळात असं आलं. हाक मारताना परकेपणा दाखवायला नाही, उलट 'आमच्या पूर्वजांचा' हे शब्द त्याला हक्काने म्हणता यावेत म्हणून. पुढे त्याची खूण झाली हे वेगळं.

रच्याकने (जाता जाता), ओवद्या हे नाव धर्मांतरितांमध्ये वारंवार येतं, कारण बायबलमधला संदेष्टा ओवद्या स्वतः एदोमी धर्मांतरित होता अशी परंपरा. त्याच नावाचा दुसरा माणूस त्याहून भन्नाट. इटलीतल्या ओप्पिदोचा नॉर्मन पाद्री योहानेस ११०२ साली ज्यू होऊन ओवद्या झाला, अलेप्पो, बगदाद करत कैरोला पोचला. कैरोच्या जुन्या सिनेगॉगमधल्या कागदांच्या ढिगाऱ्यात त्याच्या आठवणींची पानं सापडली, शिवाय त्याने लिहिलेली संगीताची स्वरलिपीही. हिब्रू गाण्याची मिळालेली सगळ्यात जुनी स्वरलिपी तीच.

---

टवाळ_पोरगा:

बोरूकाका, कुणी बडं धेंड झालं का हो ज्यू? लॉर्ड बिर्ड?

---

बोरूबहाद्दर:

लॉर्डच पाहिजे ना, घे. लॉर्ड जॉर्ज गॉर्डन. १७८० साली लंडनमध्ये कॅथलिकांविरुद्ध जी भयंकर दंगल पेटली तिला त्याचंच नाव आहे. काही वर्षांनी हा कडवा प्रोटेस्टंट बर्मिंगहॅमला ज्यू झाला, नाव घेतलं यिस्राएल बार अव्राहाम गॉर्डन. आडनाव सोडलं नाही बघ, सरदार घराण्याचं होतं. १७८८ मध्ये फ्रान्सच्या राणीची बदनामी केल्याबद्दल न्यूगेटच्या तुरुंगात गेला. तिथे लांब दाढी, धर्माप्रमाणे जेवण, दहा ज्यू जमवून प्रार्थना, सगळं साग्रसंगीत. शिक्षा संपली तरी जामीनदार मान्य होईनात म्हणून आतच राहिला आणि १७९३ मध्ये तापाने गेला.

दुसरा वॉर्डर क्रेसन, फिलाडेल्फियाचा. १८४४ साली जेरुसलेमसाठी अमेरिकेचा वाणिज्यदूत म्हणून नेमणूक झाली, थोड्याच दिवसांत रद्दही झाली, पण हा तोवर निघालेला. १८४८ मध्ये तिथेच ज्यू झाला आणि मायकेल बोआझ इस्राएल हे नाव घेतलं. घरचा व्यवहार उरकायला परतला तर बायको आणि मुलाने कोर्टात वेडा ठरवलं! धर्म बदलला म्हणजे डोकं फिरलं, असा युक्तिवाद. अपिलात जवळपास शंभर साक्षीदार झाले आणि १८५१ साली तो शहाणा ठरला. मग परत जेरुसलेम, दुसरं लग्न, आणि १८६० मध्ये तिथेच मृत्यू. जैतुनाच्या डोंगरावर पुरलाय.

मोगरा, तुमच्या घरचं प्रकरण त्यामानाने फारच शांततेत चाललंय.

---

निशिगंधा:

आणि एलिझाबेथ टेलर! तिने १९५९ साली ज्यू धर्म स्वीकारला, हिब्रू नाव एलिशेबा राखेल. पडद्यावर अर्थातच टेलरच. इवांका ट्रंपचंही हिब्रू नाव याएल आहे, २००९ पासून. कुणाला माहीत असतं?

---

सडेतोड:

म्हणजे श्रीमंतांना दोन नावं परवडतात.

बाकी आमच्याकडेही धर्म बदलून नाव न बदललेले थोर लोक झालेच की. नारायण वामन टिळक ख्रिस्ती झाले तरी नारायण वामनच राहिले, आणि कवितेत अस्सल मराठी राहिले. नाव बदललं तरच धर्म पटला असं थोडंच आहे?

---

दोन_घरचा_पाहुणा:

यावर मात्र सहमत. धर्मांतराच्या वैधतेला बुडी लागते, बेत दिन लागतं, सुंता लागते. हिब्रू नाव ही दृढ झालेली प्रथा आहे. पण केतुबा लिहायचा किंवा तोराला बोलवायचं म्हटलं की कुठलं तरी नाव हवंच, म्हणून सगळे घेतात.

---

रेवदंड्याचा_वारा:

सडेतोड, नाव बदलायला गरिबांवरच जास्त जोर होतो, एवढं तुमचं बरोबर. इथिओपियातून आलेल्या ज्यूंची नावं ऐंशीच्या दशकात इथल्या अधिकाऱ्यांनी नोंदणीच्या टेबलावरच बदलून हिब्रू केली, आणि वर धर्मपीठाने त्यांना प्रतीकात्मक धर्मांतरही करायला सांगितलं. १९८५ साली त्यांनी मोठं आंदोलन केलं तेव्हा कुठे ते ढिलं पडलं. मणिपूर-मिझोरमचे बेने मेनाशे लोकही इथे रीतसर गियुर म्हणजे धर्मांतर करूनच स्थायिक होतात, बहुतेक हिब्रू नाव घेऊन. खुद्द बेन-गुरियनने, इस्रायलच्या पहिल्या पंतप्रधानाने, स्वतःचं ग्रून हे आडनाव टाकलं आणि अधिकाऱ्यांच्याही मागे लागला की हिब्रू आडनावं घ्या. तो बडा माणूस, त्याने स्वतः ठरवलं. टेबलापलीकडच्या इथिओपियन बाईला कुणी विचारलं नाही.

आमच्या लोकांनी मात्र आडनावातला 'कर' बऱ्यापैकी टिकवून ठेवला. अश्दोदच्या पोस्टात पेणकर म्हणून हाक मारली की अजून दोन पेणकर वळून बघतात.

---

वकीलकाका:

उशिरा आलो. आजीला खरी काळजी वेगळीच असणार, ती कुणी विचारली नाही. सांगून टाकतो.

नाव: भारतीय कागदपत्रांवर काहीच बदलायचं नसेल तर काहीच करू नका. हिब्रू नावाची भारतीय कायद्याला गरज नाही. बदलायचंच असेल तर प्रतिज्ञापत्र, वर्तमानपत्रात जाहिरात आणि राजपत्रात प्रसिद्धी. पासपोर्ट, आधार, पॅन वेगवेगळ्या नावांनी निघाले की निस्तरणं फार त्रासाचं असतं. त्यामुळे माझा सल्ला, हात लावू नका.

वाटा: धर्म बदलल्याने मुलीचा स्वतःचा वारसाहक्क जात नाही. पण हिंदू वारसा कायद्याच्या कलम २६ प्रमाणे, धर्मांतरानंतर तिला झालेल्या मुलांना तिच्या हिंदू नातेवाइकांच्या मालमत्तेत वारसा मिळत नाही, वारसा उघडताना ती मुलं स्वतः हिंदू असतील तरच मिळतो. आजींना नातवंडांना काही द्यायचं असेल तर मृत्युपत्र करावं, म्हणजे प्रश्न मिटला.

---

मोगरा:

काका, तुम्ही बरोबर ओळखलंत. आजीने दुपारीच विचारलं होतं, "आणि माझ्या पाटल्या तिच्या मुलीला देता येतील ना?"

बहिणीशी आत्ता बोलले. हिब्रू नाव अजून ठरलेलं नाही. काकांनी तिला सांगितलंय की त्या एउसेबियोसच्या पोरासारखं माझं लावता येतं का विचार. रब्बी म्हणाले, हिब्रू नावात नाही लावता येत, पण धर्मांतराच्या दाखल्यावर तिचं कायदेशीर पूर्ण नाव लिहितात, त्यात काका आहेत. काका म्हणाले, दाखल्याची झेरॉक्स पाठव.

---

दोन_घरचा_पाहुणा:

अजून एक सांगतो, मग हेमाशेपो (हे माझे शेवटचे पोस्ट).

जे नाव ठरेल त्याचं हिब्रू स्पेलिंग एकदाच नक्की करा आणि दाखला, केतुबा सगळीकडे अक्षरशः तेच ठेवा. कारण पुढे कधी घटस्फोटाची वेळ आली तर गेत नावाचं पत्र लागतं, आणि त्यात नावाचं एक अक्षर चुकलं तरी पत्र बाद होऊ शकतं. आणि काकांना कदाचित आवडेल अशी गोष्ट: गेतमध्ये माणूस ज्या ज्या नावांनी ओळखला जातो ती नावं नोंदवतात. म्हणजे बहिणीचं मराठी नाव त्या कागदात हिब्रू अक्षरांत लिहिलं जाईल.

---

टवाळ_पोरगा:

अहो पाहुणे, लग्न व्हायचंय अजून तिचं! शुभ बोल रे नाऱ्या!

---

मोगरा:

हे शेवटचे दोन प्रतिसाद आजीला वाचून दाखवणार नाहीये. बाकी धागा चालू ठेवा, नावं सुचवा. बहीण रूथ नको म्हणतेय, वर्गात आधीच तीन आहेत.